मनगटावरची सुखदा

देवघरासमोर उभं राहून आईने हात जोडले, डोळे मिटले आणि ती पडली.

चक्कर नाही, घेरी नाही. चांगली उभी असलेली सुलभाताई डोळे मिटल्याबरोबर एका अंगाला कलली आणि समईसकट खाली आली. गौतमी स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा फरशीवर तेल पसरलं होतं आणि आई त्या तेलात बसून चक्क हसत होती.

"काय न्हाई गं. डोळं मिटलं की असं होतंय हल्ली. आता उघड्या डोळ्यांनीच नमस्कार करते. देवाला काय, दोन्ही चालतं."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"दिवाळीपासनं असंल. तोंड धुताना पण होतं. म्हणून एका हातानं बेसिन धरते आन् दुसऱ्यानं धुते."

गौतमीने आईला उठवून पाटावर बसवलं. आपण सरळ उभे आहोत हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं: कानातून, डोळ्यांतून आणि पायांतून. पायांकडून येणारी खबर बंद झाली तरी माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालत राहतो, कोणाला पत्ता लागत नाही. डोळे मिटले की मात्र सगळं उघडं पडतं. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पुण्याच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना शिकवलंही होतं. आई मात्र रोज पडद्यावर भेटायची ती खुर्चीत बसलेली, डोळे उघडे ठेवून.

"पाय आग करतात का पुन्हा?"

"थोडी करतात. पण ही हाय की." आईने डावं मनगट पुढे केलं.

मनगटावर सुखदा होती. सोनेरी, नाजूक, वेलबुट्टीची बांगडी, मधोमध काचेचा मणी, मागे उघडायची कडी. मणी हिरवा होता. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ.

*

सुखदा गौतमीचीच. शोध तिचा एकटीचा नव्हता, पण त्या शोधाची बांगडी झाली ती तिच्यामुळे.

आईला साखर जुनी. साखरेने पायाच्या नसा झिजल्या आणि पाय जळायला लागले. अंगावरची चादर पायाला लागलेली तिला सोसायची नाही. बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून ती बसलेली असायची, आणि पप्पा शेजारी बसून पाणी बदलून द्यायचे. साखरेवरची जी गोळी ती घेत होती, तीच शरीरातलं बी-बारा कमी करत होती. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी थोडं बरं वाटलं, पुरतं नाही. गौतमी तेव्हा नुकती कंपनीत लागली होती, आणि कंपनी याच दुखण्यावर काम करत होती.

कंपनीने मनगटावरचा एक पट्टा बनवला होता. तो नसेतून हलका विद्युत्स्पंद सोडायचा आणि तो बोटापर्यंत किती वेगाने पोचतो ते मोजायचा. नस जितकी सुस्त, तितकं जास्त औषध तो कातडीतून आत सोडायचा. औषध म्हणजे ब गटातली जीवनसत्त्वं, पण पोटात वाया न जाता थेट नसेपर्यंत पोचतील अशी बांधलेली. लोकांचे जळणारे पाय शांत झाले. माणसं झोपू लागली.

अडचण एकच होती, आणि ती कंपनीला पहिल्यापासून ठाऊक होती. या मिश्रणातल्या बी-सिक्सचा स्वभाव विचित्र. ते कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, आग होते. ते फार झालं तरी मुंग्याच येतात, आगच होते. कारण जास्त झालेलं बी-सिक्स मणक्यालगतच्या गाठींमधल्या पेशींना मारतं, आणि स्पर्शाच्या, तोलाच्या सगळ्या तारा त्याच पेशींमधून जातात. नसा झिजल्यात त्या साखरेने की औषधाने, हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त सुस्त नस दिसते, आणि ते आणखी औषध सोडतं. म्हणून पट्ट्यात एक झडप होती. महिन्यातून आठवडाभर ती आपोआप बंद व्हायची, साठलेलं बी-सिक्स लघवीवाटे निघून जायचं आणि मग यंत्र नव्याने मोजायचं.

गौतमीने पहिला पट्टा आईला आणून दिला. आईने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे पुरुषी घड्याळ घालून मी हळदीकुंकवाला जाऊ? लोक काय म्हणतील?"

पट्टा कपाटात पडून राहिला आणि आईचे पाय बादलीत. तेव्हाच गौतमीच्या डोक्यात बांगडीची कल्पना आली. पुढच्या बैठकीत तिने ती मांडली. बांगडी पातळ हवी, म्हणजे झडप बसणार नाही. मग झडप काढूनच टाकायची. औषध आतल्या अस्तरात वर्षभराचं भरून ठेवायचं, अंगाला लागून आहे तोवर ते झिरपत राहील. विश्रांतीचा आठवडा आला की मणी लाल होईल, तेव्हा बांगडी काढून ठेवायची. एवढं साधं. शिवाय दुकानात विकायची नाही. घरोघर जाऊन बांगड्या भरणाऱ्या कासारणींकडे द्यायची, त्यांनी हळदकुंकू लावून ती हातात भरायची. जाहिरातीची ओळही तिचीच: 'सुखदा. सौभाग्याचं लेणं, दुखण्याला उतारा.'

कंपनीचे प्रमुख डॉ. हेरंब दाबके खूश झाले. "बायकांची नस बरोबर पकडलीस, गौतमी," ते म्हणाले. बैठकीत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे पुरुष होते, पट्टा घालणारे.

सुखदा धडाक्याने खपली. सुना सासवांना देऊ लागल्या, मुली आयांना. आईच्या हातात ती छबूमावशी कासारणीने भरली, आणि काही दिवसांतच बादली मोरीत परत गेली. पप्पांनी फोन करून सांगितलं, "पोरी, तुझी आई पाय पसरून झोपली बघ आज." गौतमी फोनवर रडली होती. इतका आनंद तिला नंतर कशानेच झाला नाही.

*

गौतमी कऱ्हाडला आली होती ती चुलतबहिणीच्या लग्नासाठी. त्या दुपारी घरात मुहूर्ताचे गव्हले करायचे होते. पाच सुवासिनी परातीभोवती बसल्या. दुधात भिजवलेल्या रव्याची चिमूट घ्यायची आणि अंगठा नि बोट यांच्यात वळून गव्हाएवढा दाणा पाडायचा. आईच्या हातचे गव्हले जिऱ्याएवढे नाजूक. गावात कुणाचं लग्न निघालं की सुलभाताईला बोलावणं असायचं. ती कधी परातीकडे बघायची नाही. समोरच्या बाईशी गप्पा मारत, कुणाची तरी टर उडवत बोटं चालायची आणि दाणे पावसासारखे पडायचे.

आज आई चष्मा लावून, मान खाली घालून एकेक दाणा वळत होती. वळून झाला की डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. परातीत साबुदाण्यासारखे गोळे पडत होते, काही चपटे, काही अर्धवट चेंगरलेले. गौतमीने इतरांकडे पाहिलं. पाचही जणी तशाच वाकल्या होत्या, प्रत्येकीच्या मनगटावर सुखदा. कुणी बोलत नव्हतं. गव्हले करताना बायका गप्प बसल्यात, हे ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

दाराशी, परातीपासून दूर, कमलआत्या बसली होती. पप्पांची थोरली बहीण. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. चालकाविना एसटी धावायला लागली, घरोघर भिंतीवर पडदे आले, पण मुहूर्ताच्या परातीला आत्याचा हात अजून चालत नव्हता. तिच्यापुढे वेगळं ताट होतं, घरात खायच्या खिरीसाठीचं. तिची नजर भिंतीवरच्या मालिकेवर होती आणि बोटांतून जिऱ्यासारखे दाणे भराभर गळत होते.

आत्यालाही साखर होती. आत्याच्याही हातात सुखदा होती.

गौतमी तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्या, हिचा मणी लाल झाला की तू काय करतेस?"

"काढून ठिवते की डब्यात. तसंच सांगितलंय नव्हं?"

"आणि ह्या सगळ्या?"

आत्याने मालिकेवरची नजर काढली. "त्या कशा काढतील? तुम्हीच टीव्हीवर सांगितलंत, सौभाग्याचं लेणं म्हणून. हळदकुंकू लावून भरलेलं लेणं नवरा जिता असताना कोण काढंल? मला काय गं, माझं काढायचं ते सगळं कवाच काढून झालंय."

गौतमी उठली आणि तिने पाचही जणींना अंगणात बोलावलं. पाय जुळवून उभ्या राहा, हात पुढे धरा, डोळे मिटा. बायकांना वाटलं काही खेळ आहे. त्या हसत उभ्या राहिल्या आणि डोळे मिटल्याबरोबर वारा लागल्यासारख्या डोलू लागल्या. एक भिंतीवर गेली, दोघी एकमेकींच्या अंगावर. आईला गौतमीने हातावर झेललं. सगळ्या खिदळत होत्या. दाराशी बसलेली आत्या तेवढी हसली नाही.

*

"आपण ताबडतोब जाहीर करू," दाबके म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. गौतमीने पुण्याला येऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच ठरवलं. "विक्री आजपासून बंद. सगळ्यांच्या फोनवर सूचना पाठवू, बांगडी काढा म्हणून."

"लाल मणी तीच सूचना देत होता, सर. दर महिन्याला."

"गेलेल्या पेशी..."

"त्या परत येत नाहीत. अर्धमेल्या आहेत त्या वाचू शकतात, बांगडी आज उतरली तर. जितका उशीर, तितकं कमी हाताला लागेल. आणि उतरवल्यावरही काही आठवडे दुखणं आणि बधिरपणा वाढतच राहतात, मग थांबतात. बायकांना वाटेल, काढली म्हणूनच वाढलं."

सूचना गेली. बातम्यांत आलं, सरकारने बंदी घातली. पुरुषांनी आपापले पट्टे तपासून घेतले, त्यांना काही झालं नव्हतं. काही मुलींनी आयांच्या हातातून बांगड्या जबरदस्तीने ओढून काढल्या, आणि मुलींची पाठ फिरताच आयांनी त्या परत घातल्या. वर्षभराचं औषध अस्तरात होतं. कंपनी बंद पडली असती तरी ते झिरपत राहिलं असतं.

गौतमी सुट्टी टाकून कऱ्हाडला परतली. पप्पांच्या खाटेशेजारी बसून आई भाजी निवडत होती, म्हणजे बघून बघून निवडत होती.

"आई, मी तुझ्या पाया पडते. ती काढ."

"दुसरं काय पण सांग."

"दुसऱ्या काचेच्या भर ना हातात. हात भुंडा राहणार नाही."

आई खाटेकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाली, "एकदा काढली होती. पहिल्यांदा मणी लाल झाला तवा. तू सांगितलंवतंस म्हणून. ताक करत होते, बांगडी काढून फळीवर ठेवली. तासाभरात हे अंगणात कोसळले. झटका आला तो त्याच दिवशी. आठवतंय न्हवं तुला?"

गौतमीला तो दिवस आठवत होता. फळीवरची बांगडी तिला माहीत नव्हती.

"आई, पप्पांचं हृदय आधीपासूनच..."

"असंल. तुझं शास्त्र खरं असंल. पण मी परत काढायची न्हाई."

पप्पा उशीला टेकून ऐकत होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, आता दहा पावलं चालला तरी धापा टाकत होता. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. "सुलभा, काढ ती," ते म्हणाले. "मी कुठं जात न्हाई."

"तुम्ही गप पडा बघू."

आई आत गेल्यावर त्यांनी गौतमीला जवळ बोलावलं. "ती माझ्यापायी हात घालवणार. मी लवकर गेलो तर तिचं वाचंल, न्हाई का?"

"पप्पा, असलं पुन्हा बोलायचं नाही." तिने पांघरूण त्यांच्या छातीपर्यंत ओढलं. हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता, आणि मुलीला तो बापाच्या तोंडून ऐकवत नव्हता.

*

मार्ग तिलाच सुचला, आणि तो इतका सोपा होता की तिला स्वतःचाच राग आला. तशीच दिसणारी, तेच वजन, तोच मणी, फक्त अस्तर कोरडं अशी रिकामी बांगडी बनवायची. आधी नवी चढवायची, मग जुनी उतरवायची. हात क्षणभरही मोकळा राहणार नाही. 'सुखदा बदलून मिळेल' असं सांगून कासारणींनी गावोगाव हे करायचं. खोटं होतं ते. पण खरं सांगून पाहिलं होतं.

दाबकेंनी महिन्याच्या आत रिकाम्या बांगड्यांच्या पेट्या तयार केल्या. गौतमी पहिली पिशवी घेऊन छबूमावशीकडे गेली. छबूमावशीचं वजन मोठं. तिच्या शब्दावर तालुक्यातल्या सगळ्या कासारणी चालत. तिने स्वतः शेकड्यांनी सुखदा भरल्या होत्या आणि त्यातल्या कितीजणी आता भिंत धरून चालतात, हे तिला दिसत होतं.

"ताई, आम्ही भरतो. काढायचं काम आमचं न्हवं," ती म्हणाली. "कासारणीनं सुवासिनीच्या हातातली बांगडी उतरवली, असं माझ्या घरात कुणी केलेलं न्हाई."

"आधी नवी भरायची, मावशी. हात मोकळा होतच नाही."

छबूमावशीने पिशवीतली एक बांगडी काढून उलटसुलट पाहिली. "आदी तुमच्या आईच्या हातात भरू. तितं सगळं नीट झालं, तर मी गावभर भरते. बाकीच्यांना पण सांगते."

ती आली. पाटावर आईला बसवलं, हळदकुंकू लावलं. "सुलभाताई, नवीन निघालीय बगा, चांगली," असं म्हणून तिने आईचा पंजा आपल्या हातात घेतला. खाली मान घालून ती खोटं बोलली. गौतमी उंबऱ्यात उभी होती. तिला एक गोष्ट बघायची होती.

"आई, डोळे मीट. आणि बांगडी मनगटाला लागली की सांग."

"काय खेळ लावलाय हिनं." आईने डोळे मिटले. नवी बांगडी बोटांवरून गेली, आईला कळलं नाही. पंज्यावरून गेली, तेव्हाही नाही. मनगटावर टेकली तशी ती म्हणाली, "लागली. गार लागली."

मनगट अजून जागं होतं. गौतमीने मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले, ती ज्यांना मानत नव्हती त्यांनाही. जुनी बांगडी छबूमावशीने कडी उघडून उतरवली आणि पदराखाली घेतली.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. अपेक्षेप्रमाणे आईची आग वाढली, बधिरपणाही वर चढत गेला. बादली पुन्हा बाहेर आली. "ही नवी काय कामाची न्हाई गं, जुनीच बरी होती," आई म्हणायची, आणि गौतमी "थांब थोडं, बसेल अंगाला" असं सांगत पाणी बदलायची. आता पप्पांच्याने बादली उचलवत नव्हती. ते खाटेवरून नुसते बघत राहायचे.

छबूमावशी अधूनमधून डोकावून जायची. आईची चौकशी करायची, आणि पप्पांकडे जरा जास्तच वेळ बघायची. गौतमीच्या ते लक्षात आलं होतं. पण दिवस निभत होते. छबूमावशीने पिशवीतल्या बांगड्या मापाप्रमाणे लावून ठेवल्याचंही सांगितलं. "या सोमवारपासनं सुरू करते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात शनिवारी सकाळी पप्पा चहाचा कप हातात घेऊन गेले. आई शेजारीच होती. कप पडला तेव्हा तिने वळून पाहिलं.

*

तिसऱ्या दिवशी छबूमावशी भेटायला आली. आईजवळ बसून रडली, पाणी प्यायली. निघताना अंगणात गौतमीला थांबवून तिने बांगड्यांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली.

"मावशी, हे काय?"

"घिऊन जावा."

"पप्पांना आधीचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. बांगडी असती तरी..."

"मला कळतंय, ताई. तुम्ही खोटं बोलताय असं म्या म्हणत न्हाई." तिचे डोळे लाल होते. "पण आमच्या बाकीच्या कासारणींना म्या सांगितलं होतं, पयली बांगडी गौतमीताईंच्या आईच्या हातात बदललीय म्हणून. त्यांना आता काय सांगू? बदलली आन् नवरा गेला. एकजण तरी हात लावंल का? मी तरी कुठल्या तोंडानं लावू? उद्या कुणाचा माणूस गेला, तर ती बाई माझ्या नावानं बोटं मोडंल."

"त्यांची बोटं जातायत, मावशी."

"जातायत. बगतेय की मी." छबूमावशीने पदराने तोंड पुसलं. "बांगडी रिकामी हाय हे तुमच्या आईला सांगत न्हाई. तेवढं माझ्याकडनं नक्की."

ती गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कासारणींमधून तालुकाभर गेली, आणि आठवड्याभरात सांगली, कोल्हापूर, सोलापूर. कंपनीच्याच बाईने आईची सुखदा बदलली आणि बाप गेला. काही ठिकाणी बायकांनी बांगडी निघू नये म्हणून तिच्यावर दोरा गुंडाळून घेतल्याचं दाबकेंनी फोनवर सांगितलं. पेट्या गोदामात पडून होत्या. "आता काय करायचं?" ते विचारत होते. खरं बोलून पाहिलं, खोटं बोलून पाहिलं. तिसरं काही शिल्लक नव्हतं.

*

दहाव्या दिवशी बायका जमल्या. आपल्या घरात असलं काही होऊ द्यायचं नाही, हे गौतमी कॉलेजात असल्यापासून सांगत आली होती. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या काढायच्या नाहीत. आताही ती आईपुढे उभी राहिली.

"आई, कुणी हात लावणार नाही. तुला ठेवायची तर ठेव."

"आता कशाला ठेवू?" आई म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती, टेकल्याशिवाय तिला आता बसता येत नव्हतं. "ज्यांच्यासाठी ठेवली ते गेले."

कमलआत्या तिच्याजवळ सरकली. आई बोलत राहिली, कुणाकडे न बघता.

"हात गेले. गव्हले गेले. पाय जमिनीला लागतात की न्हाई ते पण कळत न्हाई. पण मी त्या दिवसापासनं एक क्षण काढली न्हाई, कमलवन्सं. लेकीनं पाया पडून सांगितलं, त्यांनी स्वतः सांगितलं, तरी न्हाई काढली. माझ्याकडनं काय कमी पडलं न्हाई. तेवढं एक हाय माझ्यापाशी."

हातातली बांगडी रिकामी आहे, खरी सुखदा पप्पा असतानाच उतरली होती, हे सांगायला गौतमीला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्याने आईजवळ उरलेलं तेवढं एकही गेलं असतं.

"तूच काढ," आई तिला म्हणाली. "दुसरं कुणी नको." तिने डावा हात पुढे केला, मान भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

गौतमी समोर बसली. मणी हिरवा होता. आत काहीच नसल्यामुळे तो कायम हिरवाच राहायचा. तिने कडी उघडली, बांगडी अलगद मनगटावरून सोडवली आणि पुढच्या ताटात ठेवली. बायका पदराला डोळे पुसू लागल्या.

आई डोळे मिटून, हात पुढे करून तशीच बसून होती. वाट बघत होती.

"काढ ना गं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "किती वेळ लावशील?"

गौतमीने ताटातल्या बांगडीकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्याने तोंडावर पदर दाबला होता.

"हो आई," गौतमी म्हणाली. "काढते."

तिने आईचं मोकळं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि धरून बसली. आईला तेही कळलं नाही.